परभणीहून एका दिवसात समुद्र बघून परत येणं जमंल का? (मे महिना, सोबत आई आन लेकरं)

मानवतकर:
रामराम मंडळी. यंदा मे मध्ये आईला आन लेकरायला समुद्र दाखवायचं ठरवायलोत. आई अडुसष्ट वर्षांची, मोठं पाणी म्हणून तिनं जायकवाडीचं धरण तेवढं बघितलंय, गुडघ्याचा त्रास हाय. लेकरं ६ आन १० वर्षांची. माझं दुकान असल्यामुळं रविवारच काय तो मोकळा, म्हणजे शनिवारी रात्री निघायचं आन सोमवारी सकाळी शटर उघडायचं. भाऊ म्हणायला की त्याच्या गाडीनं पुणे करून ताम्हिणी घाटातून दिवेआगरला जाऊ, दिवसभर थांबू, रात्री परत. जमंल का? कुणी गेलं असंल तर सांगा.

गेवराईवाला:
दादा, गाडीनं एका दिवसात नका जाऊ, हात जोडून सांगतो. तुम्हाला एका बाजूनंच पाचशे किलोमीटरच्या वर पडतंय. आम्ही दोन वर्षांखाली हेच केलतं, पहाटे ताम्हिणीत मेव्हण्याचा डोळा लागला, मी शेजारी जागा होतो म्हणून स्टेअरिंग धरलं, त्या वळणावर खाली दरी होती. आजबी आठवलं की पोटात गोळा येतो. आन तिथं पोचल्यावर सगळे पेंगलेले, लेकरायकडं लक्ष कुणाचंच नाही. माझा पुतण्या गुडघाभर पाण्यात उभा होता, लाट माघारी जाताना पायाखालची वाळू सरकन निघून गेली आन तो बसलाच, पुढची लाट डोक्यावरून. नारळपाणीवाल्या एका मामांनी पळत येऊन दंडाला धरून ओढला. विहिरीत पोहणारं पोरगं हाय ते, पण विहिरीचं पाणी ओढत नसतंय. २०१६ ला मुरूडला पुण्याच्या कॉलेजची १४ पोरं-पोरी बुडाली, ती तर पिकनिकलाच गेलती.

सध्या_अलिबागात:
मी मूळचा जिंतूरचा, नोकरीमुळं सहा वर्षांपासून इकडं हाय. गेवराईवाल्यांचं बरोबर हाय, पण रेल्वेनं तुमचं काम होतंय. शनिवारी रात्री परभणीला देवगिरी एक्सप्रेसमध्ये झोपायचं, सकाळी मुंबईत सीएसएमटी, रविवारी रात्री तिथूनच परत देवगिरी. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतंय, मे मध्ये वेटिंग लई लवकर लागती, त्या दिवशी सकाळीच बसा. सीएसएमटीहून टॅक्सीनं गेटवे, तिथून लाँचनं मांडवा साधारण तासाभरात, पुढं अलिबाग २० किलोमीटर, गेटवेच्या तिकिटात बस धरलेली असती. फक्त आईच्या गुडघ्यासाठी एक सांगतो, गेटवेच्या पायऱ्या ओल्या असतेत आन लाँच हालत असती, चढताना दोन माणसं लागतील. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो (गाड्यायसकट माणसं नेणारी मोठी बोट) जाती, तिच्यात चढणं सोपं. तसं केलं तर मांडव्याहून पुढं रिक्षा बघा. आन मे संपायची वाट बघू नका, पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतेत.

आता मेन गोष्ट, भरती-ओहोटी. रविवार कोणताबी धरू नका, कॅलेंडरात तिथी बघा. इकडचे लोक तिथीची पाऊणपट करतेत. म्हणजे अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती पूर्ण, आन त्याच्या सहा तास अलीकडं-पलीकडं म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. अंदाजाचा हिशोब हाय, पण जवळपास बसतोय. तुम्ही अकराच्या आसपास पोचणार, म्हणून सप्तमी ते दशमीमधला रविवार धरा, शुद्ध का वद्य ते चालतंय. दुपारी पाणी मागं गेलेलं असतंय, तवा अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात जाऊन यायचं. पाणी किती राहिलंय ते घोडागाडीवाल्यायला विचारा, आईला गाडीतूनच न्या, आन पाणी चढायच्या आत माघारी फिरा. मग चार-पाचला पाणी वर येत असताना लेकरायला काठावर खेळवायचं, घोट्याच्या पुढं नाही. पाणी उतरत असताना, म्हणजे ओहोटी लागल्यावर, तर पाण्यात उतरूच देऊ नका, ओढ बाहेरच्या बाजूला असती.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतंय, बाराच्या सुमाराला पाणी भिंतीला लागतंय. ते बघायला भारी, पण लेकरं सोबत असल्यावर नको.

जालन्याची_लेक:
दादा, उन्हाचं मी सांगते. आपल्याकडं ४२-४३ असलं तरी कोरडं असतंय, तिकडं पारा कमी पण अंग चिकचिक होतं, घाम वाळतच नाही. माझ्या सासूबाईंना दोनच्या उन्हात वाळूवर भोवळ आली, नुसतं पाणी पीत होत्या, पोटात मीठ काहीच नव्हतं. आईंना मीठ-साखर-लिंबाचं पाणी घोट घोट देत राहा, आन बारा ते साडेतीन सावलीत बसवा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, धपाटे न्या, दही मात्र नेऊ नका, फसफसून जातं. आईंना जुनी सुती साडी नेसवा, सिंथेटिक ओली झाली की पायाला गुंडाळती. चपला हातात धरायला लावा, लाट घेऊन जाती.

मानवतकर:
सगळ्यांचे लई उपकार. गेवराईकर, तुमचं वाचून भावाला फोन केला, गाडीचं कॅन्सल. आईनंच भिंतीवरचं कॅलेंडर काढून वद्य नवमीचा रविवार शोधलाय, नवाची पाऊणपट पावणेसात, म्हणजे ओहोटी पाऊणला, बरोबर ना? पण अलिबागवाले दादा, पावणेसातच्या भरतीपर्यंत काठावर थांबलो तर रात्रीची देवगिरी हातातून जाईल. मांडव्याहून शेवटची बोट साधारण किती वाजता धरावी लागंल, ते तेवढं सांगा, तिकीट त्यावरच काढतो.

सध्या_अलिबागात:
हिशोब बरोबर हाय. शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहूच नका, सुट्टीत परतीला लाईन लागती. साडेचारला अलिबाग सोडा. चारला पाणी चांगलं वर आलेलं असंल, आईचे पाय तवर भिजून झालेले असतील. येताना मला फोन लावा, नंबर मेसेज करतो, स्टँडवर येतो.