मुलगी जेवत नाही, रिपोर्ट मात्र नॉर्मल. कुणाला दाखवू?

इंदिरानगरची आई: लेक सोळाची, अकरावी सायन्स. दिवाळीनंतर आधी गोड बंद, मग भात, आता अर्धी भाकरी. तीही कुस्करून ताटभर पसरवते. काल दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पोळ्या निघाल्या, बुरशी धरलेल्या. चार महिने पाळी नाही. एप्रिलात स्वेटर घालून बसते. डॉक्टर म्हणाले, रक्त नॉर्मल आहे, वयच असं असतं. सासूबाईंची मीठ-मोहरीही ओवाळून झाली.

पंचवटीवाले बाबा: ताई, रक्त नॉर्मल म्हणून गाफील राहू नका. आमच्या मुलीचंही होतं. सायकियाट्रिस्टनी तिला आडवं, मग उभं करून बीपी घेतलं, नाडी मोजली. ४४! ईसीजी काढला आणि थेट अ‍ॅडमिट. अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने जेवण तोडायचा मानसिक आजार.

पहिल्याच दिवशी बायको डबाभर शिरा घेऊन गेली, तर सिस्टरने डबा काढून घेतला. आम्हाला राग आला. पण फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट दिलं की रक्तातलं फॉस्फेट उतरतं, हृदयावर येतं. म्हणून रोज रक्त तपासून आहार वाढवला.

खरी कसोटी घरी आल्यावर. ताटात काय आणि किती, हे काही महिने आईबापांनीच ठरवायचं. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलातली पद्धत म्हणे. मी दुपारी दुकानाचं शटर ओढून तिच्यासमोर बसायचो. पहिली पोळी सव्वा तास चालली. तूप लावलं म्हणून ताट भिरकावलं. दुसरं वाढलं. ओरडलो नाही (त्या दिवशी तरी).

सिडकोची सिस्टर: जेवल्या जेवल्या बाथरूमला जाते का, बघा. उलट्या काढत असेल तर पोटॅशियम घसरतं, ते धोक्याचं. पाळी आणायच्या गोळ्या इतक्यात नकोत. रक्तस्राव दिसला की सगळे निर्धास्त होतात, मूळ दुखणं तसंच. अ‍ॅनोरेक्सियावर हमखास गोळी नाही, अन्न हेच औषध. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग उलट्या काढायच्या आजारात, फ्लुऑक्सेटिनची गोळी देतात. चक्कर, छातीत धडधड असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा. नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलतात.

इंदिरानगरची आई: उद्या अकराची वेळ मिळाली. उभं करून बीपी घ्यायला सांगते. सासूबाईंचं काय करू?

पंचवटीवाले बाबा: त्यांनाही पंगतीला बसवा. फक्त पुढे ‘गाल भरले गं’ म्हणू देऊ नका. आमच्याकडे आत्याच्या त्या एका वाक्याने आठवडा वाया गेला.