रॅकेटबॉलची सांघिक लीग: गुण कसे द्यावेत, नियम काय ठेवावेत? (इंदूर)

रामबागकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या क्लबात स्क्वॉशची दोन कोर्टं आहेत. स्क्वॉश खेळणारे हळूहळू कमी झाले, पण त्याच कोर्टांवर रॅकेटबॉल खेळणारे बरेच वाढले. चेंडू मोठा, उसळी भरपूर, रॅकेट आखूड, त्यामुळे साठीचे काका आणि कॉलेजातली पोरं एकत्र रमतात. यंदा हिवाळ्यात सहा संघांची लीग करायचं ठरतंय. प्रत्येक संघात चार जण. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथलीच बहुतेक मंडळी.

मला काळजी आहे ती एकाच गोष्टीची. इथे पूर्वी एक बॅडमिंटन लीग झाली होती. संघ जिंकला तर दोन गुण, हरला तर शून्य. अर्ध्या लीगनंतर खालच्या संघांनी येणंच सोडलं आणि वरच्यांना सामने फुकट मिळायला लागले, त्यात त्यांनाही मजा राहिली नाही. आपल्या लीगमध्ये शेवटच्या आठवड्यापर्यंत प्रत्येक खेळाडू यावा, अशी गुणपद्धत हवी आहे. गेम ११ चा की १५ चा? खेळाडूंचा क्रम कोणी ठरवायचा? कोणी आलाच नाही तर काय? कोर्ट आम्हाला शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते नऊ मिळतं.

टी-लाईन (पुणे)

सगळ्यात आधी, नियम शोधताना ‘स्क्वॉश ५७’ या नावाने शोधा. हा खेळ १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये इयन राइट यांनी स्क्वॉशच्या कोर्टासाठी तयार केला आणि २०१६ मध्ये जागतिक स्क्वॉश महासंघाने त्याला हे नाव दिलं. चेंडूचा व्यास ५७ मिलिमीटर, म्हणून ५७. स्क्वॉशचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो. नुसतं रॅकेटबॉल टाकलंत तर अमेरिकेतल्या खेळाचे नियम समोर येतात. तिथे कोर्ट वेगळं, छतावर मारलेला चेंडूही चालतो आणि जुन्या पद्धतीत १५ चा गेम, पॉइंट फक्त सर्व्ह करणाऱ्याला. हे दोन्ही मिसळले की पहिल्याच दिवशी भांडणं.

तुमच्यासाठी गेम ११ चा, प्रत्येक रॅलीला पॉइंट, १०-१० झालं की दोनची आघाडी. सर्व्ह करताना चेंडू आधी जमिनीवर एकदा टप्पा देऊन मग मारायचा, हे नवीन लोकांना दोन-तीनदा सांगावं लागतं. समोरचा वाटेत आला तर लेट (रॅली पुन्हा) की स्ट्रोक (थेट पॉइंट), हे निर्णय स्क्वॉशसारखेच.

वेळेचा हिशेब मी करून बघितला. सहा संघ म्हणजे एका संध्याकाळी तीन लढती. प्रत्येक लढतीत चार मॅच, म्हणजे एकूण बारा. दोन कोर्टांवर सहा-सहा. तीनपैकी दोन गेम जिंकायची मॅच, वॉर्मअप धरून, साधारण पंचवीस मिनिटांत होते. म्हणजे दीडशे मिनिटं, बरोबर साडेसहा ते नऊ. पाचवा खेळाडू घेतलात किंवा पाच गेमच्या मॅच ठेवल्यात तर रात्री दहा वाजतील आणि घरून फोन सुरू होतील. चारच ठेवा.

बडोदेकर

आमच्याकडे बडोद्यात टेबल टेनिसची घरगुती लीग अशीच चालते, म्हणून लिहितो. उत्तर एका वाक्यात: जिंकलेल्या प्रत्येक गेमला एक गुण द्या, आणि लढत जिंकणाऱ्या संघाला वर दोन बोनस.

आता बघा काय होतं. एखादा संघ चारही मॅच १-२ ने हरला, तर जुन्या पद्धतीत त्याला शून्य. इथे त्याला चार गुण मिळतात, समोरच्याला आठ अधिक दोन, म्हणजे दहा. हरले ते हरलेच, पण रिकाम्या हाताने घरी गेले नाहीत. आणि ०-१ ने मागे असलेल्या माणसाला दुसरा गेम जीव तोडून खेळायला कारण उरतं, कारण तो गेम थेट तक्त्यात जातो. आमच्याकडे तळाचा संघही शेवटच्या फेरीपर्यंत येतो, तो याच एका नियमामुळे.

बोनस दोनापेक्षा जास्त नको. पाच ठेवलात तर पुन्हा सगळं जिंकण्या-हरण्यावर येऊन ठेपतं.

लश्करवाला (ग्वाल्हेर)

बडोदेकरांशी सहमत. मी क्रमाबद्दल लिहितो, कारण लीग मोडते ती तिथे.

चौघांचा क्रम ताकदीनुसारच हवा. एक नंबरचा खेळाडू समोरच्या एक नंबरशी, चार नंबरचा चार नंबरशी. हे लिहून ठेवलं नाही तर कोणीतरी हुशार कप्तान आपला सगळ्यात कच्चा माणूस समोरच्या अव्वल खेळाडूपुढे बळी देतो आणि उरलेल्या तीन मॅच मारतो. कागदावर तो जिंकतो, पण बळी दिलेला माणूस पुढच्या शनिवारी येत नाही. म्हणून लीगच्या आधी सगळ्या चोवीस जणांची एकच यादी करा. ती कप्तानांनी नव्हे, तर ज्यांचा संघ नाही अशा दोघा-तिघांनी करावी. दोन फेऱ्यांनंतर एकदा फेरविचार, तोही शेजारच्या जागेपुरता.

आता गैरहजेरी. समजा दोन नंबरचा आला नाही. त्याची जागा रिकामी सोडून तिथली मॅच सोडून द्यायची नाही. तीन आणि चार नंबर वर सरकतात आणि चौथी मॅच समोरच्याला जाते. यामुळे कोणालाही ठरवून एखादी जागा रिकामी ठेवून फायदा घेता येत नाही. सोडलेल्या मॅचचे दोन गेम समोरच्याला द्या, आणि आदल्या रात्रीपर्यंत कळवलं नसेल तर गैरहजर संघाचा एक गुण कापा. हरायला एकही गुण जात नाही, न येण्याला मात्र जातो. हा फरक लोकांना बरोबर समजतो.

लग्नसराईत माणसं अडकणारच. त्यासाठी आमचा नियम: मॅच आधी खेळून टाकता येते, नंतर कधीच नाही. नंतरचं कबूल केलं की फेब्रुवारीत दहा मॅच उरलेल्या असतात.

रामबागकर (इंदूर)

वा, हे फारच कामाचं आहे. सगळं उतरवून घेतोय. एक शंका. चार मॅच म्हटल्यावर २-२ बरोबरी होणार. मी काल नमुना म्हणून एक लढत मांडून बघितली: पहिल्या संघाचे निकाल २-०, १-२, २-१, ०-२. मॅच २-२ आणि गेमही ५-५! मग एकूण पॉइंट मोजायचे का? माझ्या नमुन्यात ते ९१ विरुद्ध ९८ आले. म्हणजे दुसरा संघ जिंकला, बोनस त्यांना?

टी-लाईन (पुणे)

हो, मोजा. आधी मॅच, मग गेम, मग पॉइंट. सरळ पद्धत आहे आणि निकाल नेहमी लागतो. प्रत्येक पॉइंटला किंमत येते. निकाल लागण्यातली मजा वेगळीच असते. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारत-पाकिस्तान पुरुष सांघिक स्क्वॉशची फायनल १-१ वर होती. शेवटच्या मॅचमध्ये अभय सिंगने नूर झमानविरुद्ध पाचवा गेम १२-१० असा काढला आणि सुवर्णपदक आपलं झालं. बरोबरीत सोडलेल्या लढतीत हे कुठून येणार?

सुदामानगरची ताई (इंदूर)

दादा, मी स्वतः चार नंबरला खेळते, म्हणून या पॉइंट मोजण्याला माझा विरोध आहे. रामबागकरांचाच नमुना घ्या. चौथी मॅच ०-२. समजा स्कोअर ५-११, ७-११. तिथेच दहा पॉइंटांचा फरक पडला, आणि संघाचा बोनस सात पॉइंटांनी हुकला. आता घरी जाताना सगळ्यांच्या मनात कोण असेल? चार नंबर. कोणी तोंडावर बोलणार नाही, पण तिला कळतं. नवीन आलेली बाई किंवा साठीचे काका याच जागेवर असतात, आणि यांनीच यावं म्हणून तर ही सगळी खटपट आहे ना?

हांगझोऊला निकाल लागायलाच हवा होता, पदक द्यायचं होतं. आपल्या शनिवारच्या लढतीत काही अडत नाही. मॅच २-२ असतील तर गेम मोजा. गेमही सारखे असतील तर बोनस एक-एक वाटून द्या. पॉइंटांची बेरीज फक्त लीग संपल्यावर, दोन संघ गुणांत अगदी बरोबरीत असतील तेव्हा काढा, आणि तेव्हाही आधी त्या दोघांची आपसातली लढत बघा.

हँडिकॅपबद्दल कोणी लिहिलं नाही, पण इथे तो विषय निघणारच आहे. नवख्याला ११ पैकी चार पॉइंट आधीच देऊन ठेवायचे, हे कुटुंबांच्या एक दिवसाच्या स्पर्धेत छान वाटतं. लीगमध्ये नको. क्रम नीट लावला की चार नंबरला आपल्या तोडीचाच माणूस मिळतो, मग हँडिकॅपची गरजच पडत नाही. आणि मी जिंकले तर ती माझी जीत असते, कोणी दिलेली नाही.

बडोदेकर

ताईंचं म्हणणं पटलं. लीगच्या लढतीत वाटून द्या, फायनल ठेवणार असाल तर तिथे टी-लाईन म्हणतात तसे पॉइंट मोजा.

एक पर्याय सुचवतो. २०२३ मध्ये चेन्नईला झालेल्या स्क्वॉश वर्ल्ड कपमध्ये ७ पॉइंटांचे गेम होते, पाचपैकी तीन जिंकायचे. सरळ तीन गेम जिंकायलाही किमान २१ पॉइंट लागतात, म्हणजे ११ चे दोन गेम जिंकण्याइतकेच जवळपास. पण कच्च्या खेळाडूला एखादा गेम हिसकावण्याची संधी दोनऐवजी तीनदा मिळते. गेमला गुण असतील तर हे त्याच्या फायद्याचं आहे.

सुदामानगरची ताई (इंदूर)

सातचा गेम आम्हा लोकांना फार लवकर संपतो हो. समोरच्याची सर्व्हिस कळेपर्यंत ०-४ होतं. ११ मध्ये मागून यायला वेळ मिळतो. पहिल्या वर्षी ११ च ठेवा, असं मला वाटतं.

रामबागकर (इंदूर)

ठरलं. ११ चा गेम, गेमला एक गुण, बोनस दोन, पूर्ण बरोबरीत एक-एक. क्रमाची यादी आमचे दोन ज्येष्ठ काका करतील, ते या वर्षी खेळत नाहीयेत. सहा संघांच्या पाच फेऱ्या होतात. दोनदा खेळलो तर दहा शनिवार, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर सुरू करून रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) आत आरामात संपतील.

अजून दोन गोष्टी सांगा. मार्किंग, म्हणजे पॉइंट मोजणं आणि निर्णय देणं, कोणी करायचं? आणि चेंडू निळा की काळा?

टी-लाईन (पुणे)

मार्किंग: जो मॅच हरला तो पुढच्या मॅचला मार्कर. तेवढा वेळ बसून दमही खाल्ला जातो आणि नियमही पाठ होतात. मार्करचा निर्णय पटला नाही तर रॅली पुन्हा खेळा, वाद घालत बसू नका, तुमच्याकडे एका मॅचला पंचवीसच मिनिटं आहेत.

चेंडू: निळा जास्त उसळतो, नवख्यांना सोपा. काळा जरा मंद. तुमच्याकडे सगळ्या वयाचे आहेत, तर सगळ्यांसाठी निळा ठेवा, पण लीगभर एकच. जानेवारीत इंदूरची संध्याकाळ गार असते, चेंडू थंड पडला की उसळत नाही, तेव्हा वॉर्मअपची मिनिटं कापू नका.

लश्करवाला (ग्वाल्हेर)

आणि गॉगल सक्तीचे करा, पॉलिकार्बोनेटचे, खेळासाठी बनवलेले. नंबरचा रोजचा चष्मा चालत नाही, काच फुटली तर उलट जास्त धोका. समोरचा माणूस चेंडूच्या वाटेत असेल तर मारायचंच नाही, थांबायचं आणि लेट मागायचा. थांबणाऱ्याशी मार्करने कधीही हुज्जत घालू नये, हे नियमांच्या कागदावर सगळ्यात वर लिहा.

सुदामानगरची ताई (इंदूर)

रामबागकर, चोवीस गॉगल एकदम मागवले तर दुकानदार भाव कमी करेल. माझ्या संघाचे चार धरा. पैसे शनिवारी कोर्टावरच देते.