म्हणे प्री-सीझन हवाच कशाला!

उजवा_बॅक: फुटबॉलच्या प्री-सीझनवर, म्हणजे लीगआधीच्या तयारीच्या सरावावर, 'स्टॉपर४'ने परवा ठोकून दिलं, "प्री-सीझन म्हणजे कोचचा छळ. मॅच खेळत गेलं की फिटनेस आपोआप येतो." डोकंच फिरलं, म्हणून हा धागा. मिडफिल्डर एका मॅचला १०-१२ किलोमीटर पळतो. नुसतं जॉगिंग असतं तर प्रश्नच नव्हता. जीव काढतात ते मधले स्प्रिंट, अचानक थांबणं, वळणं. थांबताना मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि जोरही तोच लावत असतो, तिथे तंतू फाटतात. दुखावलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारं क्रिएटिन कायनेज दुसऱ्या दिवशीही चढलेलं असतं, ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला इंधनाचा साठा, भरायला दोन-तीन दिवस जातात. सुट्टीवरून आलेलं अंग थेट यात ढकलायचं?

स्टॉपर४: भाषण झकास. आमच्या प्री-सीझनला आठवडाभर चेंडू दिसला नाही. सकाळ-संध्याकाळ नुसत्या चकरा. नडगी धरली ती धरलीच. लीग सुरू झाली तेव्हा मी फिजिओच्या टेबलावर!

उजवा_बॅक: तो कोचचा गाढवपणा. प्री-सीझनच्या नावाने कशाला खडे फोडतोस?

बाकावरचा_बाळू: तुम्ही दोघंही पहिल्या अकरांचंच बोलताय. त्यांची धार मॅचमध्ये टिकते. आम्ही उतरणार ८५व्या मिनिटाला, तेही थंड पायांनी. दुसऱ्या दिवशी त्यांना थकवा उतरवायला हलकी सायकल, तर आम्हालाही सायकल. आम्ही दमलो कशाने, टाळ्या वाजवून? मग कुणी जखमी झाला की एकदम ९० मिनिटं. तासाभरात पोटऱ्यांत गोळे, वर ऐकायचं, "फिटनेस नाही याचा."

जुना_गोली: रडगाणं पुरे. मॅच संपली की राखीव पोरांकडून तिथेच स्प्रिंट मारून घेतात.

बाकावरचा_बाळू: काका, कुठे घेतात? आमच्याकडे शिट्टी वाजली की ग्राउंडवाला किल्ल्या खुळखुळवत उभा. आणि गोलपोस्टखाली उभं राहून सल्ले देणं सोपंय.

जुना_गोली: उभं राहून?! कॉर्नरच्या सरावाला ये एकदा. माझ्या कंबरेला विचार.

स्टॉपर४: कंबरेचा वेगळा धागा काढा, काका.

फिजिओताई: भांडा खुशाल, पण बाळूचं बरोबर आहे. पूर्ण वेगात पळायची सवय मोडली आणि एकदम पळावं लागलं, की हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, जातो. प्री-सीझनपासून नॉर्डिक नावाचा व्यायाम करा. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे, अंग सावकाश पुढे सोडायचं. नियमाने केलं तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. पण पहिल्या आठवड्यात जिना उतरवत नाही, म्हणून सगळे पळ काढतात.

उजवा_बॅक: आणि स्टॉपर, बार्सिलोनाचा स्पॅनिश मिडफिल्डर पेद्री आठवतो? २०२०-२१ला क्लब आणि देश मिळून सत्तरहून जास्त मॅच. युरो कपमागोमाग ऑलिंपिक, ऑगस्टमध्ये परत लीग. पुढच्या मोसमात मांडीने दगा दिला. मॅच खेळून फिटनेस येतो ना? मग तो सगळ्यात ठणठणीत हवा होता.

स्टॉपर४: बरं बाबा, जिंकलात. प्री-सीझन हवा. चकरा नकोत.

उजवा_बॅक: चकरांचं नाव मी काढलंच कुठे?

बाकावरचा_बाळू: तुमची दिलजमाई झाली, छान. आमच्या सायकलचं काय ते सांगा.