मदत हवी आहे: लाईट गेल्यापासून क्लस्टरवर सगळे जॉब पेंडिंग

नेरूळ_सीएफडी
तातडीने मदत हवी आहे. आमच्या कॉलेजच्या लॅबमधल्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेले संगणक, त्यातला प्रत्येक म्हणजे एक नोड) काल रात्रीपासून एकही जॉब सुरू होत नाहीये. एसबॅचने जॉब पाठवता येतो, नंबरही मिळतो, पण एसक्यूमध्ये, म्हणजे रांगेच्या यादीत, पीडीच (पेंडिंग) दिसत राहतं. नोड सगळे चालू आहेत, पिंग होतात, लॉगिनही होतं. हेड नोड (बाकीच्यांना काम वाटणारा मुख्य संगणक) रीस्टार्ट करून झाला, काही फरक नाही. एमटेकच्या मुलांचे रन अडकलेत आणि परवा रिव्ह्यू आहे. ॲडमिन नोकरी सोडून गेला, आता हे मलाच बघायचंय. लगेच कोणी सांगेल का?

घणसोली_लिनक्स
एसक्यू म्हणताय म्हणजे स्लर्म (जॉबना नोड वाटून देणारं सॉफ्टवेअर) आहे, एवढं कळलं. बाकीचं लिहा की. एसक्यूच्या शेवटच्या रकान्यात कारण काय येतंय? नोडची स्थिती दाखवणारा एसइन्फो काय म्हणतो? पिंग झालं म्हणजे नोड स्लर्मला दिसतोय असं नाही. त्या नोडवर चालणारा स्लर्मचा प्रोग्राम, स्लर्मडी, हेड नोडशी बोलायला हवा.

ट्रान्सहार्बर
याच कटकटीमुळे आम्ही ओपनपीबीएस, स्लर्मसारखंच दुसरं सॉफ्टवेअर, सोडलं नाही. पीबीएसनोड्सला एल लावलं की पडलेल्या नोडची यादी कारणासकट समोर. १९९१ पासून, नासाच्या काळापासून चाललेली गोष्ट आहे, तावून सुलाखून निघालेली. रिव्ह्यू झाला की विचार करा.

घणसोली_लिनक्स
@ट्रान्सहार्बर अहो, स्लर्मही २००२ पासून आहे, लॉरेन्स लिव्हरमोरमध्ये सुरू झालेला. आणि कारणासकट यादी एसइन्फोला कॅपिटल आर लावलं की इथेही मिळते. आधी त्यांचे जॉब चालू होऊ द्या.

नेरूळ_सीएफडी
एसक्यूमध्ये 'रिसोर्सेस' आणि 'प्रायॉरिटी' दिसतंय. एसइन्फोमध्ये १२ पैकी ७ आयडल (रिकामे), नोड०३, ०४, ०९, ११ डाऊन आणि पुढे चांदणी, नोड०७ ड्रेन. कॅपिटल आर लावल्यावर डाऊनवाल्यांना 'नॉट रिस्पॉन्डिंग' आणि नोड०७ ला 'लो रिअलमेमरी' लिहिलंय.

वागळे_इस्टेट
सोपं आहे. एसकंट्रोल अपडेट नोडनेम=नोड[०३,०४,०७,०९,११] स्टेट=रिझ्यूम, म्हणजे नोड परत कामावर. आणि कॉन्फिगमध्ये रिटर्नटूसर्व्हिस (डाऊन नोड आपोआप परत घ्यायचा का ते ठरवणारी सेटिंग) २ करून टाका, परत कधी हात लावावा लागणार नाही. आमच्याकडे तसंच चालतं.

कोपरी_काका
रिझ्यूम एवढ्यात करू नका. चांदणीचा अर्थ नोड उत्तरच देत नाहीये, मग रिझ्यूम करूनही घटकाभरात परत डाऊन होणार. आणि नोड०७ तर स्लर्मने स्वतःहून बाजूला काढलाय. कॉन्फिगमध्ये जेवढी मेमरी लिहिली आहे त्यापेक्षा कमी सापडली की तो असं करतो. नोड०७ वर 'स्लर्मडी' कॅपिटल सी लावून चालवा, प्रत्यक्षात किती रॅम दिसते ते येईल.

वागळे_इस्टेट
काका, त्यांना परवा रिव्ह्यू आहे. आधी चालू करू द्या, शोध नंतर.

कोपरी_काका
घाई मलाही कळते. पण रिटर्नटूसर्व्हिस २ ठेवलं की आपोआप रीबूट होणारा आजारी नोडही गुपचूप रांगेत परत येतो, रिकामा म्हणून त्यालाच पुढचा जॉब मिळतो, तो मरतो, मग त्याच्या पुढचा. एका नोडने रात्रभरात अख्खी रांग खाल्लेली मी पाहिलीय. १ ठेवा: नुसतं नेटवर्क तुटून डाऊन झालेला परत येईल, अचानक रीबूट झालेला थांबेल आणि माणूस बघेल.

घणसोली_लिनक्स
सात नोड आयडल आहेत तरी एकही जॉब का नाही? स्क्रिप्टमध्ये किती नोड मागता?

नेरूळ_सीएफडी
सगळ्यांची स्क्रिप्ट एकच आहे, ८ नोडची. ते लिहायला हवं होतं का?

घणसोली_लिनक्स
तिथेच तर घोडं अडलंय! ८ हवेत, ७ आहेत. तोवर स्क्रिप्टमध्ये ७ करून टाका म्हणजे मुलांचं काम सुरू होईल. ओपनफोम (प्रवाहाची गणितं, म्हणजे सीएफडी, करणारं सॉफ्टवेअर) असेल तर कामाचे तुकडे पाडणारं डीकंपोजपारही नव्या प्रोसेसर संख्येने परत चालवा, नाहीतर सॉल्व्हर सुरू होताच थांबेल.

उपवन_तळे
पासवर्ड न टाकता सगळ्या नोडवर एसएसएच कसं करायचं यावर मी सविस्तर लिहिलेलं आहे. की-जेन करायचं, मग कॉपी-आयडी. कोणाला हवं असेल तर इथे टाकतो.

नेरूळ_सीएफडी
@उपवन_तळे ते आमच्याकडे आहे.
७ नोडवर दोन मुलांचे रन लागले, खूप आभार! नोड०७ वर १२८ जीबीऐवजी ९६ दिसतेय. नोड०३ च्या स्लर्मडी लॉगमध्ये 'मंज डीकोड फेल्ड: रिवाउंड क्रेडेन्शियल' ही ओळ सारखी येतेय. मंजची (नोड एकमेकांची ओळख ज्याने पटवतात ते) की बदलली असेल का? नवी बनवू?

कोपरी_काका
की ला हात लावू नका. की वेगळी असती तर 'इनव्हॅलिड' आलं असतं. 'रिवाउंड' म्हणजे हेड नोडने पाठवलेलं पत्र त्या नोडला भविष्यातलं वाटतंय, घड्याळ मागे आहे. मंज मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतो, पुढे नाही. पीडीएसएचने सगळ्या नोडवर एकदम डेट कमांड चालवा आणि आलेली उत्तरं एकत्र करणाऱ्या डीएसएचबॅकला सी लावून बघा, वेगळे पडलेले लगेच दिसतील.

नेरूळ_सीएफडी
बरोब्बर तेच चार! तारीख १ जानेवारी २०१७ दाखवतायत. काल त्या नोडवर कंपाईल करताना मेक 'क्लॉक स्क्यू' (घड्याळात फरक) म्हणत होतं ते यामुळेच. पण घड्याळ जुळवणारा क्रॉनी तर सगळ्यांवर चालू आहे.

कोपरी_काका
मदरबोर्डवरचे सेल संपलेत, लाईट गेली की तारीख विसरतात. आता हेड नोडवर 'क्रॉनीसी ट्रॅकिंग' बघा. लीप स्टेटस 'नॉट सिंक्रोनाइज्ड' असेल तर हेडलाच बाहेरून वेळ मिळत नाहीये. मग नोडही त्याची वेळ घेत नाहीत.

पारसिक_टेकडी
महापे-ऐरोलीला एवढी डेटा सेंटरं असताना कॉलेजात क्लस्टर ठेवायचा कशाला? भाड्याने घ्या, लाईटची चिंता नको.

ट्रान्सहार्बर
@पारसिक_टेकडी महिनोन्महिने चालणाऱ्या सीएफडीला भाडं परवडत नाही. आणि मुलं क्लस्टर सांभाळायला शिकणार कुठे?

नेरूळ_सीएफडी
'नॉट सिंक्रोनाइज्ड'च आहे. नेटवर्कवाल्यांना विचारलं, नव्या फायरवॉलमध्ये ज्यावरून वेळ येते तो यूडीपी १२३ पोर्ट बंद आहे.

कोपरी_काका
मग पोर्ट उघडायला सांगा. तोवर हेडची वेळ हाताने तपासून घ्या, त्याच्या क्रॉनी कॉन्फिगमध्ये 'लोकल स्ट्रॅटम १०' टाका (म्हणजे बाहेरून वेळ न मिळताही तो नोडना वेळ देईल) आणि 'अलाऊ'मध्ये नोडचं सबनेट आहे ना बघा. क्रॉनीडी रीस्टार्ट, चारही नोडवर 'क्रॉनीसी मेकस्टेप', तारीख जुळल्याची खात्री, मग स्लर्मडी रीस्टार्ट. आणि आता खुशाल रिझ्यूम करा. नोड०७ सोडून.

मीरा_ठाणे
मी बीएस्सी आयटी आहे. हे शिकायला पुण्याला जावं लागेल की खारघरच्या सी-डॅकला होईल?

नेरूळ_सीएफडी
चारही नोड आयडल! ११ मिळाले, ८ वाला पहिला जॉब आता लागला. काका, घणसोली, मनापासून आभार. नोड०७ ला एकच डिम (रॅमची पट्टी) गेला असेल का? कॉन्फिगमध्ये ९६ लिहून चालवू?

कोपरी_काका
चार ३२ चे असतील तर एक गेलाय. आधी काढून नीट बसवून बघा, कित्येकदा तेवढ्यानेच येतो. कॉन्फिग बदलू नका, बाकीच्या नोडशी जुळलेलंच राहू द्या. सेल मात्र बाराही नोडचे बदला, सीआर२०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.
@मीरा_ठाणे वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.