शब्दचर्चा : ‘च्येन फी, खाय वेय’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : आम्ही तैपेईत राहतो. लेक साडेतीन वर्षांची, ताट समोर आलं की तोंड फिरवते. शेजारच्या आजी तिच्यासाठी ‘सशन थांग’ नावाचं सूप देतात आणि दर वेळी चिनीत सांगतात, हे ‘च्येन फी, खाय वेय’ आहे. मोबाइलने अनुवाद दिला, ‘प्लीहा बळकट करून पोट उघडणारे’. ते ऐकून पुण्याहून आईने घाबरून विचारलं, पोरीच्या पांथरीला काय झालं? योग्य मराठी शब्द कोणते? आणि थांग म्हणजे सूप की काढा?

उत्तर : आईंना आधी सांगा की पांथरी ठणठणीत आहे. चिनी वैद्यकातली ‘फी’ ही आपल्या शरीरशास्त्रातली प्लीहा नव्हे. आधुनिक शरीरशास्त्राने तिथे अवयवासाठी जुनाच शब्द उचलला, म्हणून यंत्र गोंधळतं. जुन्या अर्थाने फी म्हणजे अन्नातलं सत्त्व काढून ते सगळ्या शरीराला पोचवणारी शक्ती. ली तुंगय्वान (1180–1251) या वैद्यांनी फी आणि वेय, म्हणजे जठर, यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चीनमधल्या मिंग राजवटीतले बालवैद्य वान छ्वान तर म्हणत की मुलांची फी नेहमीच थोडी अपुरी असते. मुलांसाठी एवढी सुपं का, याचं मूळ या विचारात आहे.

आता मराठी. ‘च्येन’ म्हणजे सशक्त करणं. पण ‘फी सशक्त करणारं’ यातून आपल्याला काहीच कळत नाही. आपल्या आज्या म्हणतात, ‘खातो बक्कळ, पण अंगी लागत नाही.’ नेमकी हीच तक्रार इथे आहे. म्हणून च्येन फी म्हणजे ‘खाल्लेलं अंगी लागावं यासाठी’. ‘खाय वेय’ शब्दशः जठर उघडणं. त्याला मराठीत ‘अन्नावर वासना येणं’ हा जुना, अचूक प्रयोग आहे. नव्या पिढीला वासना शब्द खटकेल, तर ‘भूक चाळवणं’ म्हणा. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत: एक मूल खातच नाही, दुसरं खातं पण अंगाने भरत नाही. ‘पाचक’ या एका शब्दात दोन्ही कोंबू नयेत असं माझं ठाम मत आहे. ‘अग्निदीपक’ही टाळावं; त्याबरोबर आयुर्वेदाची सगळी मांडणी येते आणि ही मांडणी निराळी आहे.

थांग म्हणजे दोन्ही. चिनी औषधी काढ्यांच्या नावातही थांग असतं आणि टोमॅटोच्या सुपालाही थांगच म्हणतात. जपानी वैद्यकात हेच अक्षर ‘तो’ असं वाचतात, उदाहरणार्थ ‘काक्कोन्तो’ हा काढा. एरवी जपानीत त्याचा अर्थ गरम पाणी. तुमच्या बाबतीत सूपच म्हणा. काढा म्हटलं की नाक दाबून प्यायचा पदार्थ डोळ्यांपुढे येतो. सशन थांग तैवानच्या रात्रबाजारांत लोक आवडीने वाडगाभर पितात.

पुरवणी प्रश्न : सशन म्हणजे ‘चार देव’ ना? आणि आजी म्हणतात त्यात कमळाच्या बिया असतात. म्हणजे मखाने का?

उत्तर : शब्दशः हो, चार देव. पण मूळ नाव ‘चार मंत्री’ होतं असं सांगतात. तैवानी बोलीत देव आणि मंत्री या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘सिन’ होतो, त्यातून हा बदल झाला. चौघे कोण, तर कोनफळाच्या कुळातला पांढरा कंद, कमळबी, ‘छ्येनश’ आणि पाइनच्या मुळांवर वाढणारी ‘फूलिंग’ बुरशी. बरोबर बहुधा डुकराचं आतडं असतं. मांस न घालताही करता येतं. तैवानात यातला एखादा महागडा जिन्नस कमी करून ‘यीरेन’ हे जाड, टपोरं धान्य सर्रास घालतात.

मखाना म्हणजे कमळबी हा आपल्याकडचा पक्का गैरसमज. मखाना म्हणजे छ्येनश! बिहारात ज्या काटेरी पाणवनस्पतीच्या बिया भाजून फोडतात, तिच्याच बिया तिथे न फोडता, सोलून वाळवतात. या सुपात दोन्ही बिया शेजारी शेजारी असतात, म्हणून दोघींना एकच नाव दिलंत तर पाककृतीच चुकेल. लाह्या झालेले मखाने मात्र घालू नका, ते उकळताना विरघळतील.

लेकीचं वजन वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि आजींच्या सुपात स्वतःहून आणखी मुळ्या-पाला घालू नका.