मदत हवी आहे : कादंबरीतला देखणा किल्ला आणि त्यातलं महत्त्वाकांक्षी घराणं

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपासून एक फँटसी कादंबरी लिहितेय. नदीच्या वळणावर पांढऱ्या दगडाचा किल्ला, एकात एक तीन तट आणि तटांच्या मधे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या बागा. तिथलं सरदार घराणं राजवंशातलं नाही, पण प्रधानपद आपल्या घरात यावं म्हणून तीन पिढ्या झटतंय. खर्डा वाचून मैत्रीण म्हणाली, "किल्ला सुंदर आहे गं, पण नुसता मागे उभा आहे." तिचं खरं आहे, आणि तिथेच गाडी अडलीय.

इतिहासात शोधलं तर दोन उदाहरणं मनात घर करून बसली. फ्रान्सचा अर्थमंत्री निकोला फुके याने १७ ऑगस्ट १६६१ रोजी व्हो-ल-व्हिकोंत इथल्या आपल्या नव्या प्रासादात चौदाव्या लुईला मेजवानी दिली. तीन आठवड्यांच्या आत तो कैदेत! त्याला हटवायचं आधीच ठरत आलं होतं, तरी त्या थाटाने राजाचा संशय पक्काच झाला असणार. पुढे त्याचाच वास्तुविशारद, चित्रकार आणि बागरचनाकार राजाने आपल्या व्हर्सायच्या राजवाड्यासाठी घेतले. उलट इंग्लंडात राणीशी लग्नाची आस धरून असलेला सरदार रॉबर्ट डडली याने १५७५ मध्ये आपल्या केनिलवर्थच्या किल्ल्यात पहिल्या एलिझाबेथचा १९ दिवस पाहुणचार केला, तिच्यासाठी खास बाग उभी केली. राणीशी लग्न काही झालं नाही, पण मर्जी टिकली.

माझ्या कथेत राजा चार दिवस मुक्कामाला येतोय. बाण मारायच्या झरोक्यांवर मधुमालती चढवलीय, बाहेरून नुसती फुलं दिसतात. आतून मात्र एक म्हातारा पहारेकरी दर आठवड्याला वीतभर जागेतली पानं कातरतो, म्हणजे नेम धरायला वाट मोकळी. राजाच्या अंगरक्षकाला ते ताजे कापलेले देठ दिसतात.

आता प्रश्न. त्याने हे राजाला लगेच सांगावं, की सरदाराच्या आईशी सौदा करावा? मला सौद्याचा मोह होतोय, पण मग राजा मूर्ख ठरेल का, ही धास्ती आहे. त्याला तसा होऊ द्यायचा नाहीये, तो मला फार जवळचा आहे. आणि बागांमुळे किल्ला लढायला कच्चा वाटतो का? वेढा पडला तर सगळ्यात आधी काय जाईल? पाणी म्हणाल तर आत दोन विहिरी आहेत.

कुणी असं काही लिहिलं असेल तर मोकळेपणाने सांगा. प्रकरण पुन्हा लिहायची तयारी आहे.