मिगी उजव्या हातात की डाव्या? आणि पुढे वाचू की बघू?

डावखुरी_तात्पुरती:
मंडळी, मी मांगा (जपानी चित्रकथा) वगैरे वाचणाऱ्यांतली नाही. वय 47, पुण्यात कर्वेनगरात घरी गणिताच्या शिकवण्या घेते. तीन आठवड्यांपूर्वी नळस्टॉपला स्कूटर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. खडू धरता येईना, भाजी चिरता येईना. अकरावीतला भाचा बघायला आला तो 'पॅरासाइट'चा पहिला खंड घेऊनच. म्हणाला, "मावशी, सध्या तुझ्यासाठी हेच." (ऑस्करवाला कोरियन सिनेमा वेगळा. मीही आधी तोच समजले होते.)

पुस्तक उघडलं तर काय, शिनिची नावाच्या मुलाच्या उजव्या हातात एक परजीवी शिरतो, त्याचं नाव मिगी! मुलगा कानात हेडफोन घालून झोपलेला, म्हणून त्या किड्याला कानातून मेंदूत जाता येत नाही. मग तो हातातून शिरतो, आणि पोरगं त्याच हेडफोनची वायर दंडाला करकचून बांधतं. मी हे झोळीत अडकवलेल्या हाताने वाचतेय. रात्री प्लास्टरच्या आत खाज सुटली तेव्हा दिवा लावून बघितलं, खोटं कशाला बोलू.

तीन खंड झाले. शिनिचीच्या आईचं जे होतं त्यानंतर दोन दिवस पुस्तकाला हात लावला नाही. तो भाजल्याचा डाग! लहानग्या शिनिचीवर उकळतं तेल सांडताना तिने मध्ये हात घातला, त्याचा. माझ्या आईच्या मनगटावर चकलीच्या तळणाचा अगदी तसाच आहे.

प्रश्न दोन. एक: अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत ह्याचीच एक इंग्रजी प्रत मिळाली. चित्रं तीच, पण परजीवी डाव्या हातात! नावही मिगी नाही, 'लेफ्टी'. मुलगा नुसता 'शिन'. दुकानदार म्हणाला, "ताई, तेच आहे, घ्यायचं तर घ्या." घेतली. पण खरा हात कुठला? दोन: पुढचे खंड वाचू, की अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका), सिनेमे, कोरियन मालिका ह्यांतलं काही बघू?

उलटेपान:
खरा हात उजवा. जपानीत मिगी म्हणजेच 'उजवा'. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. अमेरिकी वाचकाला ते जमणार नाही असं समजून नव्वदच्या दशकात तिथले प्रकाशक अख्खी पानं आरशात धरल्यासारखी उलटी छापायचे. त्यात सगळं जग डावखुरं व्हायचं आणि कुणाला फरक पडायचा नाही. पण इथे नायकाचा हातच कथेचा नायक! मग तिथल्या टोकियोपॉप ह्या प्रकाशकाने नावच बदलून टाकलं. 2007 पासून डेल रे ह्या दुसऱ्या प्रकाशकाची आवृत्ती आली ती सुलट, 8 खंडांत, मिगीला त्याचं नाव परत देऊन. मूळ जपानी 10 खंड, हितोशी इवाआकी, शेवट 1995 सालचा. तुमची अप्पा बळवंत चौकातली प्रत जपून ठेवा, विकू नका.

शनवारातला:
सिनेमे बघू नका.

डावखुरी_तात्पुरती:
का ते सांगाल की पाटी लावून गेलात?

शनवारातला:
वडील गायब. हनुवटीत परजीवी असलेला तो रडवा उदा गायब. 10 खंड दोन सिनेमांत कोंबले की हेच होणार. सिनेमाचे हक्क 2005 पासून हॉलिवूडच्या न्यू लाइनकडे नुसते पडून होते, ते 2013 साली सुटले आणि 2014 च्या नोव्हेंबरात पहिला भाग थिएटरात. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी, ज्याच्या गॉडझिलाला पुढे ऑस्कर मिळालं. म्हणजे माणूस कच्चा नाही, तरी. एक मात्र कबूल करतो. एरी फुकात्सुने केलेली ती परजीवी शिक्षिका बघाच. पुस्तकात तिचा विषय गणित. तुमच्याच पोटापाण्याचा.

रेघोट्या:
काकू, अ‍ॅनिमे बघा! मॅडहाउस स्टुडिओचं, 'डेथ नोट' ही मालिका ज्यांनी केली तेच. 24 भागांत गोष्ट पूर्ण संपते, आमच्या बाकीच्या अ‍ॅनिमेंसारखं अर्ध्यावर लटकवून ठेवत नाहीत. काळ 2014 चा केलाय म्हणून मोबाइल आलेत आणि सुरुवातीला शिनिचीला चश्मा दिलाय. शिनिचीचं हृदय दुरुस्त होताना मिगीच्या पेशी रक्तात मिसळतात ना, त्यानंतर चश्मा जातो. पुस्तकात हा बदल डोळ्यांतून आणि केसांतून दिसतो, इथे एका चश्म्यात काम झालं. मला आवडलं, उलटेपानकाका चिडतील. मिगीचा आवाज आया हिरानोचा, इतका निर्विकार की हसू येतं. मारामारीचं संगीत मात्र फर्ग्युसन रोडवरून रात्री जाणाऱ्या एखाद्या गाडीतून येतं तसलं. आवाज कमी ठेवा.

कोरियन मालिका 2024 ची आहे, 6 भाग. ती वेगळीच गोष्ट, ह्याच जगातली. त्यात बाई आणि तिच्यातली परजीवी एकमेकींशी थेट बोलूच शकत नाहीत, मग चिठ्ठ्या नि मध्यस्थ. मिगीसारख्या गप्पा नाहीत, म्हणून ती शेवटी बघा.

उलटेपान:
चिडलो नाही. पण ताई, आधी पुस्तकच संपवा, आणि का ते सांगतो. रसभंग होईल, शेवटचा खंड वाचला नसेल तर पुढचं सोडा.

गोतो नावाचा अजिंक्य परजीवी मरतो तो शिनिचीच्या ताकदीने नाही. रानात कुणीतरी गुपचूप टाकून दिलेल्या कचऱ्यातली एक गंजकी सळई शिनिचीच्या हाताला लागते, ती तो खुपसतो आणि तिच्यावरचं विष गोतोच्या अंगात भिनतं. आपल्याकडे नदीपात्रात रात्री ट्रक रिकामा करून जातात, तो राडारोडाच समजा. पृथ्वीवर माणसं फार झाली, असं ज्याच्या पहिल्याच पानावर कुणालातरी वाटतं त्या पुस्तकात हा शेवट! सिनेमात ती मारामारी कचरा जाळण्याच्या भट्टीपाशी नेलीय. भव्य दिसते. पण टेकडीवर फिरायला जाताना पायाशी एखादी सळई दिसली की मला पुस्तकच आठवतं.

शनवारातला:
ह्या एका मुद्द्यावर उलटेपानांशी सहमत. नोंद घ्यावी.

डावखुरी_तात्पुरती:
सोडा म्हणालात तेच आधी वाचलं. असो, गोतो मरणार हे कळलं, पण मिगीचं काय होतं ते कुणी सांगू नका. चौथा खंड भाचा रविवारी आणतोय. प्लास्टर त्याच्या आदल्या दिवशी निघणार आहे. त्याला कळवलंय की उघडताना समोर उभा राहा, मी एकटी बघणार नाही.